गाव नकाशा उपग्रह चित्रावर बसवताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जीआयएस अ‍ॅनालिस्ट म्हणून कामाला लागलेल्या मुलामुलींचं काम तपासायला येतं, तेव्हा सगळ्यात जास्त चुका एकाच ठिकाणी सापडतात. स्कॅन केलेला गाव नकाशा उपग्रह चित्रावर बसवायचा, गटांच्या हद्दी काढायच्या आणि त्यांना सातबारा जोडायचा, एवढंच काम असतं. स्क्रीनवर नकाशा अगदी चपखल दिसतो. मग पाझर तलावाची जागा दाखवायला माणसं शेतात जातात आणि बुडीत क्षेत्राच्या यादीत ज्याचं नाव आलंय त्याचं शेत ओढ्याच्या पलीकडे निघतं. त्या शेतकऱ्याला रात्रभर झोप लागलेली नसते. म्हणून हे काम जपून करायला हवं.

खालचा क्रम क्यूजीआयएस हे संगणकीय नकाशांचं (जीआयएसचं) सॉफ्टवेअर धरून लिहिला आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणं वेगळ्या जागी असतील, क्रम हाच.

## टप्पा १: संगणक लावण्याआधी कागद गोळा करा

हातात फक्त नकाशा असून भागत नाही. सुरू करण्याआधी एवढं जवळ ठेवा:

- गाव नकाशाच्या सगळ्या शीट. मोठ्या गावाचा नकाशा दोन-तीन शीटवर असतो.
- गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांची क्षेत्रासह यादी.
- जमिनीच्या विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेलं गाव असेल, तर जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट नंबर यांचा मेळ दाखवणारा उतारा.
- गावाचा जनगणना कोड.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द असतात, शिवाय त्याच नावाचं तिसरं गाव शेजारच्या तालुक्यात असतं. फाइलच्या नावात गावाच्या नावाबरोबर कोडही घाला.

नकाशावर सर्व्हे नंबर आहेत की गट नंबर, हे आधीच पाहून घ्या. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तिथले सातबारे गट नंबरावर चालतात. नकाशा मात्र एकत्रीकरणाआधीचा हाती लागू शकतो. सर्व्हे नंबर ४५ आणि गट नंबर ४५ या दोन वेगळ्या जमिनी असतात. दोन्हींत आकडा ४५ असल्यामुळे संगणक त्या बिनबोभाट जोडतो आणि चूक कुठेच दिसत नाही. कोकणात बहुतेक ठिकाणी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो, गोव्यात एक-चौदाचा उतारा. आपल्या गावात काय चालतं ते तलाठ्याला एकदा विचारून घ्या.

तपासा: नकाशावरचे कुठलेही पाच नंबर घ्या आणि त्यांचं क्षेत्र नकाशावरून ढोबळ मोजून सातबाऱ्याशी ताडून पाहा. पाचही नंबर दुपटी-तिपटीने चुकत असतील, तर नकाशा आणि सातबारा वेगवेगळ्या क्रमांकांचे आहेत.

## टप्पा २: स्कॅन

मोबाइलने काढलेल्या फोटोवर हे काम करू नका. फोटोत कडा वाकतात आणि एका बाजूचं प्रमाण दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळं येतं. मोठ्या आकाराच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), सरळ, घड्या मोडून स्कॅन करून घ्या.

३०० डीपीआय का, ते हिशेबाने पाहू. बरेच जुने गाव नकाशे १ इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७९२० या प्रमाणात आहेत. ३०० डीपीआयला एक पिक्सेल कागदावर साधारण ०.०८५ मिलिमीटर भरतो. तो जमिनीवर होतो सुमारे ६७ सेंटिमीटर. नकाशावरची शाईची रेघ मात्र ०.३ मिलिमीटर जाड असली, तरी जमिनीवर जवळपास २.४ मीटर व्यापते. म्हणजे रेघच बांधापेक्षा रुंद आहे. १२०० डीपीआयने स्कॅन केलं म्हणून नकाशा जास्त अचूक होत नाही, फक्त फाइल जड होते.

२.४ मीटर हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

सावध: नकाशा दोन झेरॉक्स तुकडे चिकटवून केलेला असेल, तर तुकडे वेगळे करून स्कॅन करा. एका गावाच्या कामात मला ईशान्य कोपरा काही केल्या बसेना. बाकी सगळीकडे दोन-तीन मीटरचा फरक आणि तिथे एकदम चोवीस-पंचवीस मीटर. दोन दिवस बिंदू बदलत बसलो. शेवटी मूळ कागद मागवला, तर त्या बाजूला चिकटपट्टीखाली तीन मिलिमीटर कागद दुसऱ्या तुकड्यावर चढला होता. तीन मिलिमीटर गुणिले ७९२०, म्हणजे सुमारे २३.८ मीटर. कागद आधी हातात घेतला असता, तर दोन दिवस वाचले असते.

## टप्पा ३: प्रोजेक्टचा सीआरएस आधी ठरवा

सीआरएस म्हणजे नकाशावरच्या जागा कोणत्या मोजमाप पद्धतीने धरायच्या ते. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, तीही अगदी सहज. क्यूजीआयएसमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला आणि पहिला लेअर (नकाशाचा थर) म्हणून उपग्रह चित्राच्या टाइल्स (इंटरनेटवरून येणारे चौकोनी तुकडे) आणल्या, की प्रोजेक्ट त्या टाइल्सचा सीआरएस घेतो. तो असतो ईपीएसजी ३८५७ (ईपीएसजी म्हणजे सीआरएसचा ठरलेला क्रमांक), म्हणजे वेब मर्केटर. नंतर काढलेल्या लेअरलाही तोच लागतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

वेब मर्केटर स्क्रीनवर नकाशा दाखवायला ठीक आहे, क्षेत्र मोजायला नाही. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं त्यात क्षेत्र फुगत जातं. पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ११ टक्के, नागपूरला सुमारे १५ टक्के. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर असलेला, म्हणजे चार एकराचा गट पुण्याजवळ १ हेक्टर ८० आर दिसतो. अठरा आर कुठून आले, याचं उत्तर मग कोणाकडेच नसतं.

महाराष्ट्रासाठी यूटीएम वापरा. त्यात पृथ्वी रेखांशांनुसार झोनमध्ये विभागलेली असते आणि मोजमाप मीटरमध्ये होतं. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, ईपीएसजी ३२६४३. पूर्वेला झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, जवळपास सगळा मराठवाडा, अकोला आणि गोवा झोन ४३ मध्ये येतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली झोन ४४ मध्ये. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतून ७८ अंशाची रेषा जाते, त्यामुळे तिथे जिल्ह्याचं नाव पाहून झोन ठरवू नका, गावाचा रेखांश पाहा.

क्रम असा: नवा प्रोजेक्ट, लगेच सीआरएस, प्रोजेक्ट सेव्ह, आणि मगच टाइल्स. टाइल्स आणल्यावर उजव्या कोपऱ्यात खाली सीआरएस पुन्हा बघा.

तपासा: गावातल्या एखाद्या सरळ रस्त्याचा ओळखीचा तुकडा मोजपट्टीने मोजा. गाडीच्या काट्यावर जो रस्ता १ किलोमीटर आहे, तो स्क्रीनवर १,०५० मीटरच्या आसपास येत असेल, तर मोजमाप वेब मर्केटरवर सपाट चाललंय.

## टप्पा ४: नियंत्रण बिंदू

निम्मं काम इथेच आहे. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा, इथे नको.

गाव नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. नकाशावरची एक जागा आणि उपग्रह चित्रावरची तीच जागा अशा जोड्या, म्हणजेच नियंत्रण बिंदू, तुम्हालाच लावाव्या लागतात. पोरं सहसा नदीचं वळण, रस्त्याचा फाटा आणि गावठाणाचा कोपरा धरतात, कारण ते पटकन दिसतात. तिन्ही जागा धोक्याच्या. मोजणी झाल्यापासून नदीने पात्र बदललेलं असतं. रस्ता रुंद झालेला असतो, कधी सरळही केलेला असतो. गावठाण तर चहूबाजूंनी वाढलेलं असतं.

भरवशाच्या जागा या:

- तीन किंवा चार बांध जिथे मिळतात तो कोपरा, विशेषतः बांधावर जुनी झाडं असतील तर.
- दोन गावांच्या शिवेवर बांधाचा सांधा. शिवेचा बांध सहसा रुंद असतो आणि कोणी नांगरत नाही.
- जुनी दगडी विहीर, नकाशावर खूण असेल तर.
- टेकडीच्या पायथ्याला संपणारी शेतं. तिथे बांध फार हलत नाहीत.

पिकं उभी असताना बांध दिसत नाहीत. उन्हाळ्यातलं चित्र मिळवा. एकाच ठिकाणाची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं पाहिली, तर एका वर्षी न दिसलेला बांध दुसऱ्या वर्षी स्पष्ट दिसतो.

किती बिंदू घ्यायचे? मध्यम आकाराच्या गावाला मी पंधरा घेतो. त्यातले दहा नकाशा बसवायला, पाच राखीव. राखीव बिंदू बसवताना वापरायचेच नाहीत, ते टप्पा ६ मध्ये लागतील. बहुतेकजण सगळे बिंदू बसवण्यातच खर्च करतात आणि मग नकाशा खरंच बसला की नाही हे तपासायला काही उरत नाही.

बिंदू चारही कोपऱ्यांत, कडांवर आणि मध्यात पसरलेले हवेत. गावठाणाजवळ आठ आणि डोंगराकडे एकही नाही, असं झालं तर डोंगराकडची शेतं वाऱ्यावर सोडल्यासारखी होतात.

सावध: उपग्रह चित्र स्वतःसुद्धा काही मीटर सरकलेलं असू शकतं. काम महत्त्वाचं असेल, तर चित्रात आणि जमिनीवर दोन्हीकडे स्पष्ट दिसणाऱ्या तीन-चार जागांवर जाऊन मोजणी करा. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण तीन ते पाच मीटरपर्यंत जागा दाखवतो. चित्र दहा-पंधरा मीटर सरकलेलं असेल, तर तेवढ्याने कळतं. सीओआरएसशी (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या जाळ्याशी) जोडलेला रोव्हर, म्हणजे अचूक जीपीएस यंत्र, मिळाला तर उत्तम, तो काही सेंटिमीटरपर्यंत जातो.

## टप्पा ५: ट्रान्सफॉर्मेशन निवडणं

जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसच्या नकाशा बसवण्याच्या साधनात, ट्रान्सफॉर्मेशनचे (नकाशा सरकवून-ताणून बसवण्याच्या रीतीचे) बरेच प्रकार दिसतात. सुरुवात नेहमी पॉलिनोमियल १ ने करा. नकाशा सरकवणं, फिरवणं आणि आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळं ताणणं एवढं तो करतो. जुना कागद एका दिशेने जास्त आकसलेला असतो, म्हणून हे ताणणं उपयोगी पडतं. हेल्मर्ट दोन्ही दिशांना सारखंच ताणतो, त्यामुळे आकसलेल्या कागदाला तो पुरत नाही.

आता रेसिड्युअलचा, म्हणजे प्रत्येक बिंदूपुढे दिसणाऱ्या फरकाचा आकडा. तो शून्याजवळ आला की माणूस खूश होतो. पण पॉलिनोमियल १ ला कमीत कमी तीन बिंदू लागतात, पॉलिनोमियल २ ला सहा, पॉलिनोमियल ३ ला दहा. बरोबर तेवढेच बिंदू दिले, तर रेसिड्युअल शून्यच येणार, मग बिंदू कितीही चुकलेले असोत. थिन प्लेट स्प्लाइन तर कितीही बिंदू दिले तरी प्रत्येक बिंदूवर नकाशा ओढून बसवतो आणि शून्यच दाखवतो. एखादा बिंदू चुकून शेजारच्या बांधावर लावला असेल, तर तिथला नकाशा रबरासारखा वाकतो आणि आजूबाजूचे चार गट बिघडतात.

दहा बिंदूंवर पॉलिनोमियल १ लावून रेसिड्युअल चार पिक्सेलच्या आत, म्हणजे जमिनीवर पावणेतीन मीटरच्या आत आले, तर या प्रमाणाच्या नकाशाकडून अधिक मागू नका. रेघच २.४ मीटर जाड आहे. एखाद्याच बिंदूचा फरक मोठा असेल, तर तो लगेच उडवू नका. आधी झूम करून पाहा. जोडी चुकीची लागली आहे की नकाशाच त्या जागी वेगळा आहे, हे कळायला हवं. आकडा सुंदर दिसावा म्हणून बिंदू उडवत जाणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकणं.

रीसॅम्पलिंग (बसवलेल्या नकाशात पिक्सेल भरण्याची रीत) नीअरेस्ट नेबर ठेवा, कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू, आणि बिंदूंची फाइल सेव्ह करा. ती नसेल तर पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## टप्पा ६: राखीव बिंदूंवर तपासणी

आता राखून ठेवलेले पाच बिंदू काढा. प्रत्येक ठिकाणी बसवलेल्या नकाशावरची जागा आणि चित्रावरची जागा यांतलं अंतर मोजा, दिशाही लिहा.

समजा अंतरं आली २, ३, २, ४ आणि ९ मीटर. सरासरी ४ येते आणि बरं वाटतं. प्रत्येक अंतराचा वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, वर्गमूळ घ्या: ४, ९, ४, १६, ८१, बेरीज ११४, भागिले पाच २२.८, वर्गमूळ सुमारे ४.८ मीटर. हा आकडा अहवालात जातो. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो एकटा ९. त्या कोपऱ्यात काहीतरी झालंय.

दिशा बघितल्या की कारण बहुतेक वेळा समजतं:

- पाचही एकाच दिशेला सरकलेले: बिंदू लावताना सगळीकडे एकाच बाजूला चूक झाली आहे.
- सगळे मध्यापासून बाहेरच्या बाजूला किंवा सगळे आतल्या बाजूला: प्रमाणात गडबड.
- गोल फिरल्यासारखे: नकाशा थोडा वळलेला बसला आहे.
- एकच कोपरा: फाटलेला किंवा चिकटवलेला कागद, नाहीतर चुकीची जोडी.

सावध: ही तपासणी होईपर्यंत एकही हद्द काढू नका. आठशे पॉलिगॉन (गटांच्या बंद आकृत्या) काढून झाल्यावर नकाशा पुन्हा बसवायची वेळ आली, तर पॉलिगॉन नुसते उचलून सरकवता येत नाहीत.

## टप्पा ७: हद्दी काढणं

हद्दी साठवायच्या फाइलच्या प्रकारांत शेपफाइल टाळा, जिओपॅकेज घ्या. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा बाइटांत बसावं लागतं आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. 'क्षेत्र' हा शब्दसुद्धा त्यात मावत नाही.

स्नॅपिंग (जवळच्या बिंदूला रेघ आपोआप चिकटण्याची सोय) चालू करा, साधारण दहा पिक्सेल. दोन गटांमधला बांध एकदाच काढा. माझा आवडता मार्ग म्हणजे आधी सगळ्या रेषा काढायच्या आणि मग पॉलिगोनाइज करायचं, म्हणजे रेषांपासून पॉलिगॉन बनवायचे. त्यामुळे शेजारच्या दोन गटांत फट किंवा एकमेकांवर चढ राहत नाही. झाल्यावर टोपॉलॉजी चेकर चालवून फटी आणि चढ दोन्ही शोधा.

रेघेच्या मधोमध काढा. एकदा डाव्या कडेने आणि एकदा उजव्या कडेने गेलात, तर २.४ मीटर इकडचे तिकडे.

## टप्पा ८: सातबारा जोडणं

गट नंबरचा रकाना टेक्स्टच ठेवा. एक्सेलमध्ये '५/२' टाइप केलं की त्याची तारीख होते, आणि ती नंतर टेक्स्ट केली तरी मूळ आकडा परत येत नाही. एक्सेलमध्ये काहीही भरण्याआधी तो रकाना टेक्स्ट करून ठेवा. क्षेत्राचंही तसंच. '१.६२.००' म्हणजे एक हेक्टर बासष्ट आर शून्य चौरस मीटर. दोन टिंबांमुळे संगणक त्याला आकडा मानत नाही. तीन रकाने करून चौरस मीटरमध्ये रूपांतर करा.

एका यादीत '१२/अ', दुसरीत '१२ / अ', तिसरीत इंग्रजी आकडा, असं असतं. माणसाला तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळे. जोडण्याआधी सगळं एका पद्धतीत आणा.

आणि ही चूक तर अनुभवी माणसांकडूनही होते. गाव नकाशावर गट ४५ चा एकच पॉलिगॉन असतो, पण सातबारे ४५/१, ४५/२, ४५/३ असे तीन. हिस्स्यांच्या हद्दी गाव नकाशावर बहुधा नसतात, त्या फाळणीच्या नकाशावर असतात. जोडायला म्हणून हिस्सा काढून नुसता ४५ ठेवला, तर क्यूजीआयएसचा साधा जॉइन (दोन तक्ते जोडण्याची सोय) एकच जुळणारी ओळ घेतो आणि उरलेल्या दोन गाळतो. नकाशावर एका भावाचं नाव येतं, दोन भाऊ गायब. म्हणून हिस्स्यांची यादी वेगळी ठेवा, गटाला फक्त एकूण क्षेत्र जोडा आणि खातेदार पाहायचे असतील तर रिलेशन (एका गटाला अनेक ओळी जोडण्याची सोय) वापरा.

तपासा: सातबारा न मिळालेले पॉलिगॉन किती आणि पॉलिगॉन न मिळालेले सातबारे किती, दोन्ही आकडे लिहा. फक्त पहिला पाहून थांबू नका.

## टप्पा ९: क्षेत्राचा ताळा

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये 'डॉलर एरिया' प्रोजेक्टमधला इलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलसर आकार) धरून मोजतं, तर 'एरिया' हे फंक्शन लेअरच्या सीआरएसवर सपाट मोजतं. दोन्ही काढा. यूटीएममध्ये ते जवळजवळ सारखे येतात. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला, तर टप्पा ३ वर परत जा.

सातबाऱ्याशी ताडताना लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) यांची बेरीज घ्या. नुसतं लागवडीयोग्य क्षेत्र घेतलं, तर ओढ्याकाठचे सगळे गट चुकलेले दिसतात.

किती फरक चालेल, हे गटाच्या आकारावर ठरतं. रेघेच्या मध्यापासून सगळीकडे १.२ मीटर बाहेर गेलात असं धरा. एक हेक्टरच्या चौकोनी गटाची परिमिती ४०० मीटर, म्हणजे ४८० चौरस मीटर जास्त, जवळपास पाच टक्के. दहा आरच्या तुकड्याची परिमिती सुमारे १२६ मीटर, म्हणजे दीडशे चौरस मीटर, तब्बल पंधरा टक्के. सगळ्या गटांना एकच पाच टक्क्यांची फूटपट्टी लावली, तर लहान शेतकऱ्यांचे सगळे गट उगाच चुकीचे ठरतात आणि मोठ्या गटांतल्या खऱ्या चुका सुटतात. फरक आधी मोठ्या गटांत शोधा.

सावध: सातबाऱ्याच्या आकड्याशी जुळावं म्हणून हद्द ओढू नका. नकाशा आणि सातबारा वेगळं सांगत असतील, तर तसं शेऱ्यात लिहा. तो फरक खरा असू शकतो, आणि कोणाला तरी तो कळायला हवा.

## टप्पा १०: हातात देताना

नकाशावर प्रमाण, उत्तर दिशा, सीआरएस, मूळ गाव नकाशाचं प्रमाण, उपग्रह चित्राची तारीख आणि टप्पा ६ मधला आकडा लिहा. त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'हा नकाशा नियोजनासाठी आहे. हद्द ठरवण्यासाठी वापरू नये.'

ही ओळ प्रत्येक पानावर हवी, फक्त पहिल्या नाही. गावात नकाशाचं एकच पान फोटो होऊन मोबाइलवर फिरतं आणि कोणीतरी ते घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहतो. हद्द कायम करायची असेल, तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा लागतो, तिथून भूकरमापक येतो आणि मोजणीनंतर नकाशाची क प्रत मिळते. विचारायला आलेल्या शेतकऱ्याला हे तोंडीही सांगा. त्याने लॅपटॉपवर बोट ठेवून 'माझा बांध इथूनच जातो ना?' असं विचारलं, तर हो म्हणू नका.

फोल्डरमध्ये मूळ स्कॅन, बिंदूंची फाइल, राखीव बिंदूंचा तक्ता, जिओपॅकेज आणि न जुळलेल्या गटांची यादी ठेवा.